साडूंचे साठ दिवस

आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, परदेशात कवळ्या बनवतात. दुसऱ्यांसाठी दात तयार करणं हा त्यांचा धंदा आणि स्वतःचे दातओठ खाणं हा छंद. सकाळचं पहिलं भांडण चहाशी. तो कधीच हवा तेवढा गरम नसतो, आणि असला की जीभ भाजते, म्हणजे पुन्हा भांडण. दुसरं भांडण लिफ्टशी. एकाच इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि आम्ही पाचव्या. लिफ्ट त्यांना सोडून आधी पाचव्याला का जाते, हा प्रश्न त्यांनी इमारतीच्या व्यवस्थापकाला तीनदा लेखी विचारला आहे. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईला ते खोटारडी म्हणतात. तिने सांगितल्याप्रमाणे पाऊस पडलाच तर ‘योगायोग’ म्हणतात आणि छत्री न घेताच बाहेर पडतात.

पण हातात मेण आणि जबड्याचा साचा आला की हा माणूस गप्प. मी एकदा त्यांच्या बाकाशेजारी तासभर बसलो होतो. तेवढ्या वेळात ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला वाटलं यांची तब्येत बिघडली. एका आजोबांची वरची कवळी चालली होती. साडूंनी पुढचा एक दात मुद्दाम किंचित तिरका बसवला.

“चुकला की काय?” मी विचारलं.

“सत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडात मोत्यांची माळ घातली तर तो माणूस जाहिरातीतला दिसतो. याचा जुना फोटो मागवलाय मी. हा दात त्याचा आयुष्यभर वाकडा होता. आता मरताना सरळ कशाला?”

साडू काम करत ती कवळ्यांची लॅब एका तळघरात होती. तीन बाकं, पॉलिशचं घरघरणारं यंत्र, सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि छतालगत एक आडवी खिडकी, जिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त बूट दिसायचे. साडू म्हणायचे, “सहा वर्षं मी या देशाचे दात पाहिले आणि बूट पाहिले. मधला देश अजून बघायचाय.”

लॅबचे मालक आपलेच. आपले म्हणजे आपली भाषा बोलणारे, आणि परदेशात तेवढ्यावर माणूस आपला होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “मला सर-बिर म्हणायचं नाही. दादा म्हणायचं.” या एका शब्दात काय काय मावतं ते साडूंना पुढे कळत गेलं. शनिवारी काम असेल तर, “अरे, घरचंच आहे.” सुट्टी मागितली तर, “भावाला असं अडचणीत टाकतोस?” आणि कामाच्या परवान्याची कागदपत्रं दादांच्या लोखंडी कपाटात, कारण “तू धांदरट, हरवशील. मोठ्या भावाकडे असू दे.” साडूंच्या खिशात फक्त एक कार्ड. त्यावर फोटो, नाव, आकडा आणि मुदत.

दर दोन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण असे. दादा जाडजूड फॉर्म आणत, खांद्यावर हात ठेवत आणि बोट दाखवत, “इथे, इथे, आणि मागे एक.” साडू सह्या करत. दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानात उभं राहून चष्मा लावून वाचणारा हा माणूस, त्याने तीन वेळा तो फॉर्म न वाचता सही केली. का, ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. दादा म्हटलेल्या माणसासमोर कागद वाचायला लागायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखंच. आपण बाहेरच्या माणसाकडून पाच ठिकाणी पावती घेऊ, पण घरच्या माणसाचा कागद उलटून पाहणार नाही. मान राहतो. बाकी काय जातं ते नंतर कळतं.

सहाव्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या लॅबने साडूंना बोलावलं. त्यांच्या हातच्या कवळ्या तिथल्या मॅनेजरबाईंनी कुठल्या तरी दवाखान्यात पाहिल्या होत्या. तिथे शनिवार-रविवार सुट्टी, खिडकीतून झाडं दिसतात, आणि कुणालाही दादा म्हणायचं नाही. मॅनेजरबाईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. इथे मालक बदलायचा तर नवा परवाना हातात येईपर्यंत जुन्या जागी मुकाट काम करत राहायचं. अर्ज आम्ही भरतो, तुम्ही तोंड उघडू नका.

दातांच्या माणसाला तोंड उघडू नका म्हणून सांगितलं होतं. साडू आमच्याकडे आले ते भाषण घेऊनच. सहा वर्षं साचवलेलं भाषण. त्यात शनिवारांचा एक भाग होता, खांद्यावरच्या हाताचा एक, आणि डॉक्टर लॅबमध्ये आले की दादा आपल्या हातातली कवळी काढून घेऊन ‘ही मी केली’ म्हणतात, त्याचा खास मोठा.

आमची मंडळी म्हणाली, “भावोजी, आधी परवाना हातात येऊ दे. मग करा काय तो उद्धार.”

“तेव्हा काय मजा? सुटलेल्या माणसाने शिव्या देण्यात कसला आलाय पुरुषार्थ?”

“पुरुषार्थ राहू दे, घर राहू दे.”

“आठवडाभर तरी गप्प राहा,” मी म्हटलं. त्यांनी मला वचन दिलं. ते वचन मंगळवारी दिलं होतं. शनिवारी दुपारी दादा चार साचे घेऊन आले आणि नेहमीप्रमाणे “घरचंच काम आहे” म्हणाले, आणि आमचे साडू उभे राहिले.

भाषण कसं झालं ते मला प्लास्टरवाल्या बाईंनी सांगितलं. साचे ओतायचं काम त्या करत. ऐकू यावं म्हणून त्यांनी पॉलिशचं यंत्र बंद केलं होतं. पहिल्या दोन वाक्यांत साडू दादांना तुम्ही म्हणत होते, तिसऱ्यापासून तू. शनिवारांपासून सुरुवात करून ते मोठ्या भागापर्यंत पोचले आणि तिथे रंगले. शेवटी म्हणाले, “आणि मी चाललो दुसरीकडे! तिथे मला माझ्या नावाने हाक मारतात!”

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “झालं? हात धुऊन घे. भुकटी लागलीय. आणि किल्ली ठेव बाकावर.”

सोमवारी दादांनी परवाना कचेरीला कळवलं, की या गृहस्थांनी नोकरी सोडली. चार दिवसांनी पत्र आलं. सोडल्याच्या तारखेपासून साठ दिवसांत नवा परवाना झाला तर ठीक, नाहीतर एकसष्टाव्या दिवशी सगळ्या कुटुंबाने देश सोडायचा. त्यांची मुलगी नऊ वर्षांची असताना इथे आली होती, आता पंधराची. शाळेची शेवटची दोन वर्षं उरली होती. तिकडे जाऊन ती कुठल्या वर्गात, कुठल्या भाषेत बसणार होती देव जाणे. तिने पत्र वाचलं, फ्रिजवर चिकटवलं आणि खाली पेन्सिलीने ‘५४’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी खोडून ‘५३’.

साडू अजून रुबाबात होते. “अर्ज गेलाय. त्यांना माझी गरज आहे.”

मग मॅनेजरबाईंचा फोन आला. अर्ज अडकला होता. कवळ्या बनवणाऱ्या तंत्रज्ञासाठी अर्ज केला, तर कचेरी म्हणते की सहा वर्षांच्या कागदपत्रांत हा माणूस तंत्रज्ञ नाहीच. त्याचं पद आहे सफाई मदतनीस. पहिल्या फॉर्मवर, दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावरही. सही त्याचीच. तंत्रज्ञाचा अनुभव असल्याचा पुरावा आणा, नाहीतर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल.

ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, हे ऐकून आधी खुर्ची धरली. मग आवाज.

“सफाई? घरात स्वतःचा कप विसळत नाहीत, आणि सरकारदरबारी सफाई?”

“त्याने फसवलं मला!”

“एकदा फसवलं म्हणा. तीन वेळा कोण फसतं? आठवडाभर माझ्याशी भांडत होतात, की मी किल्ल्या डाव्या खिळ्याला का लावते. फॉर्मवर दोन ओळी वाचायला काय डोळे दुखत होते?”

“तो दादा होता!”

“मी बायको आहे. माझ्यावर नाही ठेवलात एवढा विश्वास!”

मी आणि मुलगी स्वयंपाकघरात गेलो. तिथेही सगळं ऐकू येत होतं. मुलगी म्हणाली, “काका, आई बरोबर आहे. पण बाबांना आत्ता सांगू नका. त्यांना अजून भांडायला दम लागणार आहे.”

पुरावा कुठून आणायचा? लॅबमधल्या प्रत्येक कामासोबत एक चिठ्ठी जाते, काम कुणी केलं त्याच्या नावाची. ती दादा स्वतःच्या नावाने भरत. म्हणजे कागदोपत्री सहा वर्षं दादा कवळ्या करत होते आणि साडू फरशी पुसत होते. साडू नाक मुठीत धरून तळघरात गेले, मी सोबत. दादांनी खुर्चीतून न उठता विचारलं, “अनुभवाचा दाखला? देतो की. फरशी छान पुसायचास. कोपरेसुद्धा. तसं लिहून देतो.”

साडूंच्या मुठी वळल्या. मी दंड धरला आणि त्यांना पायऱ्यांवरून ओढत वर आणलं. प्लास्टरवाल्या बाई दारापर्यंत आल्या, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “भाऊ, मी लिहून दिलं असतं. पण माझीही कागदपत्रं त्याच कपाटात आहेत.” आणि आत गेल्या.

उरले दंतवैद्य, ज्यांना सहा वर्षं साडूंच्या कवळ्या गेल्या. मी सुट्ट्या टाकून गाडी चालवली. पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळालं, आमचा व्यवहार मालकांशी. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात आम्हाला थांबायच्या खोलीत सव्वा तास बसवलं आणि मग स्वागतिकेने ‘डॉक्टर निघून गेले’ म्हणून सांगितलं. मागच्या दाराने गेले असावेत, कारण पुढच्या दाराशी साडू उभे होते आणि ‘कुणाच्या तोंडात कुणाचे दात’ या विषयावर बोलत होते. फ्रिजवर आकडा एकतीस झाला होता.

शेवटचा दवाखाना एका डॉक्टरीणबाईंचा. गाडीत साडू चुळबुळ करायला लागले. “इथे नको जाऊ या.”

“का?”

“या बाई जरा भांडकुदळ आहेत.”

साडूंनी कुणाला भांडकुदळ म्हणावं, याचंच मला एवढं आश्चर्य वाटलं की मी सिग्नल चुकलो.

बाईंनी नाव ऐकलं मात्र, हातमोजे काढून टेबलावर आपटले. “तुम्ही? तुम्ही ते?” कपाट उघडून त्यांनी एक जाड निळी फाईल काढली आणि आमच्यापुढे टाकली.

प्रकार असा होता. एखादी कवळी तक्रार घेऊन परत आली की डॉक्टरची चिठ्ठी डबीत असते. दादा बहुधा जागेवर नसत. साडू कवळी दुरुस्त करत आणि चिठ्ठीच्या पाठीमागे उत्तर लिहून तेच डबीत घालत. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. निनावी शिव्या भ्याड माणूस देतो, असं त्यांचं मत. बाईंकडे अशी सदतीस उत्तरं होती. मी उभ्या उभ्या वाचली. नमुन्यादाखल काही इथे मराठीत उतरवतो.

‘खालची कवळी हलते ही तक्रार वाचली. कवळी हलत नाही. माप घेताना तुमचा हात हलला. साचा सोबत पाठवत आहे, डावी कड स्वतः पाहावी.’

‘बाईंना दात पिवळे वाटतात. मी त्यांचा जुना फोटो पाहिला आहे. यापेक्षा पांढरे हवे असतील तर त्यांना पासष्ट वर्षं मागे पाठवावं लागेल, ते काम आमच्याकडे होत नाही.’

‘वरचा ओठ पुढे आलेला दिसतो, म्हणून पुढचे सहा दात दीड मिलिमीटर आत घेतले आहेत. आता ओठ पुढे आला तर तो रागाने.’

बाई म्हणाल्या, “ही मी तुमच्या मालकाला पाठवणार होते. लॅबचं काम बंद करणार होते. दर वेळी ठरवायचे, आणि दर वेळी तोंडात घातली की ती मेली कवळी बरोबर बसायची.” ‘मेली’ हा शब्द त्यांच्या भाषेत नव्हता, पण सूर तोच होता.

साडू खाली मान घालून उभे होते. त्यांची मान खाली गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी धीर करून विचारलं, “बाई, ही फाईल मिळेल का? परवाना कचेरीत दाखवायला?”

“न्या! जरूर न्या! आपल्या देशात कसला माणूस राहतोय ते त्यांनाही कळू दे. आणि प्रती काढून मूळ कागद परत आणा. मला तक्रार अजून करायचीच आहे.”

जिन्यात साडू म्हणाले, “डावी कड मात्र खरंच तिचीच चूक होती.”

परवाना कचेरीतल्या चार नंबरच्या खिडकीवरच्या अधिकारी बाईंनी सदतीसही उत्तरं वाचली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. एकदा फक्त चष्मा काढून पुसला. प्रत्येक कागदावर तारीख, सही, आणि कवळी कशी, किती, कुठे बदलली त्याचा हिशेबी तपशील. सफाई मदतनीस असं लिहू शकत नाही हे त्यांना मान्य झालं. आम्ही एकमेकांकडे पाहून हसणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, “म्हणजे सहा वर्षं तुम्ही परवान्यात नसलेलं काम केलंत.”

आता ही फाईलच गळफास झाली. परवान्याबाहेर काम करणाऱ्याला नवा परवाना नाही. यातून वाट एकच होती. फॉर्ममध्ये खोटं पद मालकाने भरलं आणि आपल्याला ते माहीत नव्हतं, असं लेखी निवेदन द्यायचं. त्यात सही करताना का कळलं नाही याचं कारण पटण्यासारखं हवं.

साडूंनी तिथेच लिहिलं, ‘मला या देशाची भाषा नीट येत नाही.’

बाईंनी निळ्या फाईलवर बोट ठेवलं. “यावरून येते.”

दुसरं लिहिलं, ‘मालकाने दबाव आणला.’

“दबावाखाली राहणारा माणूस असा लिहितो?”

पुढच्या आठवड्यात निवेदन घेऊन या, म्हणून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

घरी साडूंनी अकरा मसुदे केले. एकात प्रकृती बरी नव्हती, एकात चष्मा फुटला होता, एकात दिवे गेले होते. ताई प्रत्येक मसुदा वाचत आणि शांतपणे फाडत. चुकलेल्या माणसाला चूक दाखवणं हे ज्याच्या आयुष्याचं काम, त्याला स्वतःची चूक लिहायची होती, सहीनिशी. तेरा दिवस उरले होते. शेवटी ताई म्हणाल्या, “दुसऱ्याला लिहिता तसं लिहा. डॉक्टरीणबाईला लिहायचात तसं. फक्त या वेळी कवळी तुमची आहे.”

ते उठून बाल्कनीत गेले. अर्ध्या तासाने कागद घेऊन आले. त्यावर इतकंच होतं: ‘मला वाचता येत होतं. मी वाचलं नाही. मालकांनी मला त्यांना दादा म्हणायला सांगितलं होतं आणि मी म्हणत होतो. त्यांच्यासमोर कागद वाचणं मला त्यांचा अपमान वाटला. तीन वेळा. यात दबाव नव्हता. मूर्खपणा माझा आहे, खोटं त्यांचं आहे.’

ताईंनी हा फाडला नाही. त्यावर साडू म्हणाले, “मूर्खपणा हा शब्द काढू का?”

“एकच शब्द बरोबर आहे, तोच काढा!”

निवेदन सोमवारी द्यायचं होतं. रविवारी सकाळी दारात दादा. कचेरीने त्यांना खुलासा विचारला असावा. हातात पातळ फाईल, चेहऱ्यावर सहा वर्षांची माया. मीही तिथेच होतो, चहा घेत.

“अरे, घरातलं भांडण बाहेर कशाला?” दादा सोफ्यावर साडूंच्या अगदी शेजारी बसले. “तू चार शब्द बोललास, मी मनावर घेतलं. मोठ्यानेच समजून घ्यायचं असतं. हा बघ अनुभवाचा दाखला. तंत्रज्ञाचं काम केलं, सहा वर्षं, उत्तम केलं. लिहिलंय सगळं. तू फक्त ते निवेदन देऊ नकोस. आणि इथे एक सही, की तुला मान्य आहे. इथे, आणि मागे एक.”

आणि त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला.

मला वाटलं होतं आता आमच्या साडूंचा स्फोट होईल. कसलं काय! त्या हाताखाली खांदा सैल पडला. चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी आलं, शाळेत गुरुजींनी शाबासकी दिल्यावर येतं तसं. ‘उत्तम केलं’ हे दादा सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले होते. साडूंनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि टेबलावरचा कागद उचलला. “बाळ, हे मोठ्याने वाच.”

“वहिनी, तेवढा वेळ—”

“तेरा दिवसांचे आता दहा झालेत. पाच मिनिटं आहेत आमच्याकडे.”

मुलीने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ उत्तम होती. दुसरीही. तिसरी ओळ वाचताना तिचा आवाज हळू झाला. ‘सदर गृहस्थांनी हे तांत्रिक काम माझ्या अपरोक्ष, माझ्या परवानगीशिवाय व माझ्या साहित्याचा वापर करून केले.’

त्याखाली सही केली असती तर साठ दिवसांचीही गरज उरली नसती.

“ती नुसती भाषा असते, वहिनी. कचेरीसाठी.”

“भाषाच ना? मग बदला. आत्ता. पेन आहे इथे.”

दादांनी पेन घेतलं नाही.

“सहा वर्षं तुम्हाला माझ्या घरात दादा म्हटलं,” ताई म्हणाल्या. “मीही म्हटलं. माझी जीभ झडली नाही हे नशीब.”

“तोंड सांभाळून बोला. मी आणलंय तुम्हाला या देशात.”

“आणि फरशी पुसायला लावलंत. कागदावर!”

साडूंनी मुलीच्या हातातून तो दाखला घेतला. चष्मा लावला. प्रत्येक ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मागची बाजूही. दादा सोफ्यावर चुळबुळत होते, पण साडू घाईत नव्हते. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि दादांच्या खिशात ठेवली. आवाज चढवला नाही. मला तर तेच भीतिदायक वाटलं.

“उठा,” ते म्हणाले.

दादा दारात वळले. “संपू देत साठ दिवस. विमानतळावर निरोपाला येईन.”

“वेळेवर या,” ताई म्हणाल्या. “आम्ही नसलो तरी विमानं बघा.” आणि दार लावलं.

सोमवारी निवेदन गेलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि कळवतो म्हणाल्या. नव्या लॅबच्या मॅनेजरबाईंनी जागा आणखी एक आठवडाच राखून ठेवीन म्हणून कळवलं. ताईंनी गुपचूप माळ्यावरच्या बॅगा काढून पुसून ठेवल्या. मुलीने त्या पाहिल्या आणि फ्रिजवरचा आकडा बदलणं बंद केलं. साडू कशाशीच भांडेनात. चहा थंड आला तरी पिऊन टाकत. आमची मंडळी म्हणाली, “मला भावोजींची काळजी वाटते. लिफ्टला परवा ‘थँक यू’ म्हणाले.”

अठ्ठावन्नाव्या दिवशी बोलावणं आलं. मी गाडी घेतली. कचेरीच्या बाहेर पार्किंगला जागा नव्हती, एका पिवळ्या पट्टीच्या कडेला चाक टेकलं. आत चार नंबरच्या खिडकीसमोर आम्ही रांगेत बसलो. ताईंनी पर्स दोन्ही हातांनी धरली होती. मुलगी भिंतीवरचे नियम वाचत होती. साडू ‘जरा हवा घेऊन येतो’ म्हणून बाहेर गेले.

नाव पुकारलं गेलं. ताई खिडकीशी गेल्या. बाईंनी एक कार्ड आणि एक कागद काचेखालून पुढे सरकवला. ताईंनी कागद उचलला, पण त्यांना अक्षरं दिसेनात. मुलीने वाचलं. पद: कवळी तंत्रज्ञ. नवा मालक: ती मोठी लॅब. मुदत: दोन वर्षं.

“सहीसाठी स्वतः अर्जदार लागतील,” बाई म्हणाल्या. “कुठे आहेत?”

मुलगी धावत बाहेर गेली, मी मागोमाग. साडू माझ्या गाडीपाशी उभे होते आणि पार्किंगच्या रखवालदाराला त्या पिवळ्या पट्टीविषयी सुनावत होते. पट्टी कुठे सुरू होते, कुठे संपते, रंग कुणी मारला, त्याचा हात हलला का. चेहरा लाल, हात हवेत, साठ दिवसांतला सगळा साठा एकदम बाहेर.

“बाबा! मिळाला! चला, सही करायचीय!”

ते थबकले. रखवालदाराला म्हणाले, “इथेच थांब, मी आलो.” आत गेले, कागद पुरा वाचला, सही केली, कार्ड खिशात ठेवून वरून हाताने दाबलं, अधिकारी बाईंना मान लववली. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला. तो त्यांनी हळूच सोडवला.

“तुम्ही गाडीत बसा,” ते म्हणाले. “तो माणूस वाट बघतोय.”

आम्ही तिघं गाडीत बसून राहिलो. काचेबाहेर साडू पिवळ्या पट्टीवर वाकून बोटाने मिलिमीटर मोजत होते, आणि रखवालदारही आता वाकला होता.